शाळेचा पैसा पटावर येतो. तो गरजेकडे कसा वळवायचा?

शाळेचा पट ३० असेल तर समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३१ झाला की तेच अनुदान २५,००० होतं. शंभराच्या पुढे अडीचशेपर्यंत ५०,०००, त्यापुढे हजारापर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर एक लाख. शिक्षक ज्याला नुसतं ‘ग्रँट’ म्हणतात ती हीच. केंद्राच्या या निकषांत मुलं मोजली जातात, त्यांच्या घरची परिस्थिती नाही. त्या एकतिसांपैकी किती जणांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, किती जणी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबतात, पाचवीत बसलेल्या किती जणांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, याचा त्या रकमेशी काही संबंध नाही.

इंग्लंडमध्ये २०११ पासून वेगळी रीत आहे. ‘प्युपिल प्रीमियम’ नावाचा निधी तिथल्या शाळांना नेहमीच्या पैशाच्या वर मिळतो, आणि तो गरीब घरच्या मुलांची संख्या पाहून दिला जातो. घरच्या कमी उत्पन्नामुळे गेल्या सहा वर्षांत कधीही मोफत जेवणाला पात्र ठरलेलं मूल त्यात धरतात. २०२५-२६ साली प्राथमिक शाळेसाठी अशा दर मुलामागे १,५१५ पौंड असा दर होता. हा पैसा कशासाठी वापरणार आणि मागच्या वर्षी काय साधलं, हे शाळेनं दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करायचं असतं.

आपल्याकडे असा वेगळा पैसा शाळेच्या हातात फारसा येत नाही. गणवेश, पाठ्यपुस्तकं, दिव्यांग मुलांचे भत्ते, वाहतूक भत्ता एवढं राखीव. बाकीचा पैसा सगळ्यांचा. तो ज्याला जास्त गरज आहे त्याच्याकडे वळवायचं काम शाळा व्यवस्थापन समितीचं. समितीत नव्यानं निवडून आलेले पालक आणि त्यांच्याबरोबर काम करणारे मुख्याध्यापक यांच्यासाठी हे लिहितो आहे. पैसा थोडा आहे, वेळेवर येत नाही, कधी निम्माच येतो, ही तक्रार खरी आहे. पण जो येतो त्यातला बराचसा रंगरंगोटीत आणि मार्चएण्डच्या घाईत जातो, हेही तितकंच खरं.

आधी समिती, मग पैसा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत ७५ टक्के सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. कागदावर हे बहुतेक शाळांत पुरं असतं. प्रत्यक्षात बैठक सकाळी अकराला असते आणि मजुरीला गेलेली बाई त्या वेळी दुसऱ्याच्या रानात खुरपत असते. तिची सही मग संध्याकाळी घरी जाऊन आणली जाते. अशा इतिवृत्तात सर्वानुमते मंजूर झालेल्या ठरावाला फारसा अर्थ नसतो, कारण ज्या मुलाबद्दल बोलायचं त्याच्या घरचं माणूसच तिथं नव्हतं.

उपाय अगदी साधा आहे. बैठक दिवेलागणीनंतर ठेवा. वर्षातून एक-दोन बैठका तांड्यावर, वाडीवर, पालांपाशी घ्या. अध्यक्ष गावातल्या वजनदार घरातला असला तर असू द्या, पण अजेंड्यावरचा पहिला विषय ‘कोण शाळेत येत नाही’ हाच ठेवायचा अशी प्रथा पाडा. बिलं आणि दुरुस्त्या नंतर. क्रम उलटा झाला की दीड तास छपराच्या पत्र्यावर जातो आणि मुलांचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

नावं लिहा

‘वंचित घटक’ हा शब्द योजनेला लागतो. कोणाला काय मिळण्याचा हक्क आहे ते त्यावरून कळतं, पण यंदा कोणतं मूल अडचणीत आहे ते कळत नाही. जातीचा किंवा दारिद्र्यरेषेचा रकाना वाचून यादी केली तर नीट चाललेली काही मुलं त्यात येतात, आणि ज्याचा बाप मागच्या वर्षी गेला ते मूल सुटतं. म्हणून यादी तीन ठिकाणांहून करा.

पहिलं ठिकाण हजेरीपट. महिन्याची टक्केवारी पाहू नका, कोणत्या दिवशी गैरहजर ते पाहा. आठवडी बाजाराच्या दिवशी न येणारी मुलगी घरी भावंडं सांभाळते आहे. सुगीत सलग पंधरा दिवस न आलेला मुलगा कापूस वेचतो आहे. या दोघांचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

दुसरं ठिकाण वाचन. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीतली पद्धत कोणालाही जमते: मुलापुढे अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट ठेवायची आणि ते कुठवर वाचतं ते टिपायचं. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी तपासून लागेल तिथं जादा शिकवणं हे कायद्याच्या कलम २४ नं शिक्षकाचं कर्तव्यच केलं आहे, त्यामुळे समितीनं ही माहिती मागितली तर त्यात शिक्षकावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. उलट एकशिक्षकी शाळेत चार वर्ग एकट्यानं सांभाळणाऱ्या गुरुजींना कोणीतरी हे विचारतंय याचं बरंच वाटेल.

तिसरं ठिकाण म्हणजे ज्यांना शाळेबाहेरचं माहीत असतं ती माणसं: अंगणवाडी सेविका, आशाताई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. कोणतं मूल ताटातलं अर्धं डब्यात भरून घरी नेतं, हे ताईंना ठाऊक असतं. त्यांना कोणी विचारत नाही इतकंच.

यातून एक पानाची यादी होते. मुलाचं नाव, अडलंय कुठं, कोण काय करणार, कधीपर्यंत. हे पान भिंतीवर लावायचं नाही आणि बैठकीत मोठ्यानं वाचायचं नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा; बैठकीत ‘वाचनात मागे असलेली नऊ मुलं’ एवढंच बोला. लहान गावात मुलाला चिकटलेलं विशेषण लग्नापर्यंत सुटत नाही.

ही यादी जुलैअखेर तयार असावी. कलम २२ खालचा शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर हाताशी ठेवायचा असतो, आणि त्यात यादीतली कामं उतरली नाहीत तर तो आराखडा मागच्या वर्षीची नक्कल होतो. यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरतानाही हेच पान समोर ठेवा. दिव्यांग मुलाची नोंद तिथं राहून गेली तर पुढचं सगळंच अडतं.

ग्रँटमधून काय होतं, काय नाही

संयुक्त अनुदान कशासाठी आहे ते ठरलेलं आहे: मोडलेलं सामान बदलणं, वीजबिल, पाणी, इंटरनेट, शैक्षणिक साहित्य, खेळाचं साहित्य, इमारत आणि स्वच्छतागृहांची किरकोळ दुरुस्ती. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. कोणाला मानधन देण्याची सोय यात नाही, आणि ओढूनताणून ते बसवायला गेलात तर लेखापरीक्षणात वसुली मुख्याध्यापकांच्या पगारातून होईल.

समजा पट ४२ आहे आणि पूर्ण २५,००० आले. स्वच्छतेचे किमान २,५०० सोडा. मी तिथं ४,००० धरीन, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नसणं आणि आत पाणी नसणं हे सहावी-सातवीतल्या मुली महिन्यातले चार दिवस घरी राहण्याचं थेट कारण आहे. कडी, बादली, झाकणाचा डबा, साबण एवढ्यात ते भागतं. वीजबिलाला ५,००० आणि खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती यांना ६,००० धरले तरी १०,००० उरतात. इथं समितीची परीक्षा असते. या दहा हजारांत दर्शनी भिंतीवर फळाफुलांची चित्रं काढता येतात आणि साहेब भेटीला आले की ती दिसतात. त्याच पैशात वाचनात मागे असलेल्या नऊ मुलांसाठी पातळीनुसार वाचनकार्डं, मोठ्या अक्षरांची गोष्टीची पुस्तकं, दशक-सुट्टे मांडायचं गणिताचं साहित्य घेता येतं आणि वर्गातल्या कपाटात वह्या-पेन्सिलींचा साठाही भरता येतो. ग्रंथालय आणि खेळाचं अनुदान वेगळं येतं, प्राथमिक शाळेला प्रत्येकी ५,००० पर्यंत. ते आलं तर पुस्तकं तिकडून घ्या आणि इथले पैसे मोकळे करा.

कपाटातल्या साठ्याबद्दल थोडं सविस्तर. वह्या वाटपाचा कार्यक्रम करू नका. गरीब मुलांना रांगेत उभं करून पाहुण्यांच्या हस्ते दोन वह्या द्यायच्या, फोटो काढायचा आणि पाहुण्यांच्या शाल-श्रीफळावर त्या वह्यांइतकाच खर्च करायचा, हा प्रकार आता थांबायला हवा. साठा वर्गात असावा, ज्याची वही संपली त्यानं घ्यावी, गुरुजींनी टिपून ठेवावं. कोणाकडे पैसे नव्हते आणि कोण विसरलं हे बाकीच्या मुलांना कळायचं कारण नाही.

या साठ्यामागे आणखी एक विचार आहे. आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला; कार्तिक मुरलीधरन त्याच्या लेखकांपैकी एक. काही शाळांना साहित्यासाठी जादा अनुदान दिलं गेलं. पहिल्या वर्षी ते अनपेक्षित होतं आणि मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी पालकांना अंदाज आला होता, त्यांनी घरचा वह्यापुस्तकांवरचा खर्च कमी केला आणि गुणांतला फायदा नाहीसा झाला. यात पालकांचं काही चुकलं नाही. शाळा वही देणार असेल तर तो पैसा किराण्याला जाणं शहाणपणाचंच. पण समितीनं यातून धडा घ्यावा. जी वस्तू बहुतेक घरं कशीबशी घेतातच, ती सरसकट सगळ्यांना वाटली तर घराला हातभार लागतो, शिकणं तितकं वाढत नाही. ज्या घरांना ती खरोखर परवडत नाही तिथंच ती द्या, आणि उरलेला पैसा घर काही केल्या देऊ शकणार नाही अशा गोष्टीकडे वळवा.

माणसाचा वेळ

घर काय देऊ शकत नाही? ज्या घरात कोणी वाचत नाही, तिथं मुलाजवळ बसून रोज तासभर वाचून घेणारं माणूस नसतं. सधन घर ते शिकवणी लावून मिळवतं.

यावरचा चांगला पुरावा मुंबईतलाच आहे. ‘प्रथम’नं मुंबई आणि बडोद्यात महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला आणि २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. तिसरी-चौथीतल्या, मूलभूत वाचन-गणितात मागे राहिलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्याच वेळात रोज सुमारे दोन तास वस्तीतलीच एक तरुणी वेगळं बसवून शिकवायची. तिचं शिक्षण शाळेपुरतं, प्रशिक्षण सुमारे दोन आठवड्यांचं, मानधन त्या काळचं महिना ५०० ते ७५० रुपये. मुलं स्पष्टपणे पुढे गेली, सर्वांत मागे असलेली सर्वांत जास्त. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदवलंय. म्हणजे दोन महिन्यांचं शिबिर घेऊन भागत नाही.

त्याच अभ्यासात बडोद्यात मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले आणि गणित सुधारलं. तेव्हा डिजिटल साधनांना नाकं मुरडायचं कारण नाही. पण तिथं संगणक वेळापत्रक लावून वापरला गेला. कुलूपबंद खोलीत प्लास्टिकचं आवरण घालून ठेवलेला टीव्ही आणि तो संगणक यांची तुलना होत नाही. वीजबिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेत तर पहिला खर्च बिलाचाच.

तर हा वेळ कसा मिळवायचा? फुकटातला पहिला मार्ग म्हणजे शिक्षकांच्या वेळापत्रकातला बदल. रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार बसवायची. याला परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दुसरा मार्ग गावातली बारावी झालेली, घरी असलेली सून किंवा मुलगी. तिचं मानधन ग्रँटमधून देता येत नाही, म्हणून ते ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून किंवा लोकवर्गणीतून ठराव करून द्यायचं. महिना ३,००० धरले तर दहा महिन्यांचे ३०,००० होतात. जत्रेच्या एका रात्रीच्या ऑर्केस्ट्राला गाव याहून जास्त देतं. कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत तर ही बाई त्याच बोलीची हवी. पहिलीतल्या मुलाला गुरुजींची मराठी कळत नसेल तर बाकीचं सगळं साहित्य वाया.

तिसरा मार्ग माता गट. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांतून हे गट बरेच ठिकाणी उभे राहिले. काही चालले, काही व्हॉट्सअ‍ॅपवर उरले. त्यांच्याकडून शिकवण्याची अपेक्षा ठेवू नका. हजेरीचं काम त्यांना फार छान जमतं: शेजारची मुलगी आज का आली नाही, हे विचारायला शेजारीणच हवी.

आईबाप गाव सोडतात तेव्हा

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मूल बरोबर गेलं की फडावर पाणी आणणं, वाढं बांधणं त्याच्याकडे येतं. अशा मुलांसाठी समग्र शिक्षेतून हंगामी वसतिगृहं चालतात. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहतं, दुपारी शाळेचा पोषण आहार आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून. चालवणारी असते शाळा व्यवस्थापन समितीच.

यात वेळ साधणं महत्त्वाचं. कुटुंबं निघाल्यावर प्रस्ताव केला तर मुलं फडावर पोचलेली असतात. सर्वेक्षण सप्टेंबरमध्ये करा, घरोघरी जाऊन मूल कोणाजवळ राहणार ते विचारा, आजीची संमती घ्या. पैसे उशिरा येतात म्हणून किराणा दुकानदाराशी उधारीचं बोलणं आधीच करून घ्या आणि मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय त्याला मोठी ऑर्डर देऊ नका. जेवणाऱ्या मुलांची रोजची हजेरी खरी ठेवा. पटावर पन्नास आणि ताटावर तीस अशा तक्रारींनी ही योजना अनेकदा बदनाम झाली आहे. त्याचा फटका पुढच्या वर्षी खऱ्या मुलांना बसतो.

मूल गेलंच तर त्याचं नाव कमी करून मोकळं होऊ नका. शिक्षण हमी पत्रक भरून पालकांच्या हाती द्या, त्यात मूल कुठवर शिकलं ते लिहा, आणि जिथं जाणार तिथल्या शाळेचा फोन मिळवून एकदा बोला. दाखल्याला उशीर झाला म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे; पालकांना तोंडपाठ करून पाठवा. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनाही हेच लागू. भट्टी जवळ असलेल्या शाळांच्या समित्यांनी उलट्या बाजूनं पाहावं: नोव्हेंबरमध्ये भट्टीवर एक चक्कर मारली तर आठ-दहा मुलं सापडतात, आणि त्यांना सामावून घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची कायदेशीर जबाबदारी आहे.

राखीव पैसा पडून राहू देऊ नका

गणवेशाचे दोन जोडांचे ६०० रुपये केंद्राकडून सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळतात. २०२३ पासून राज्यानं उरलेल्या मुलग्यांनाही सामावून घेतलं. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ करताना कापड आणि शिलाई वरून झाली, गणवेश उशिरा आले, मापं चुकली, आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा समित्यांकडे आलं. आता चुकलं तर दोष वर ढकलता येणार नाही. मापं गावातल्या शिंप्याला शाळेत बोलावून घ्या, आणि सगळ्यांना एकाच दिवशी द्या.

दिव्यांग मुलांसाठी मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि मुलींना दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता आहे. शाळा नियमापेक्षा लांब, म्हणजे पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या पुढे असेल तर वाहतूक भत्ता मिळतो. मात्र त्यासाठी वस्तीचं नाव मंजूर यादीत असावं लागतं. नसेल तर केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवा आणि पोच घ्या. शिष्यवृत्त्या आणि भत्ते थेट खात्यावर येतात, म्हणून व्यवहार नसल्यामुळे खातं बंद पडलंय का, आधार जोडलंय का, ते जूनमध्येच पाहा. मुलींचा उपस्थिती भत्ता १९९२ साली दिवसाला एक रुपया ठरला आणि दशकानुदशकं एक रुपयाच राहिला; वर्षाच्या जेमतेम २२० रुपयांसाठी बँकेत चार खेटे आणि दोन दिवसांची मजुरी घालवायला कोणत्याही आईला सांगू नये. तालुक्याला एकत्र जाऊन सगळ्यांची खाती सुरू करून घ्या, किंवा बँक मित्राला एक दिवस शाळेत बोलवा.

चष्म्याचं वेगळं सांगतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन तपासतं आणि पुढच्या उपचाराला चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी बऱ्याचदा दप्तरातच राहते, कारण ग्रामीण रुग्णालयात न्यायला बापाचा दिवस बुडतो. समितीनं लोकवर्गणीतून एक जीप करून सगळ्या चिठ्ठीवाल्या मुलांना एका दिवशी न्यावं. ‘अभ्यासात कच्चा’ ठरलेल्यांपैकी एखाद्याला फळाच दिसत नसतो.

ग्रामपंचायत आणि देणगीदार

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो आणि त्यात शिक्षण बसतं. पण मागणी विकास आराखड्यात असेल तरच. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं बोलणं सुरू होतं, तेव्हा शाळेचं लेखी मागणीपत्र तिथं असावं आणि ते वाचायला समितीतल्या दोन आया उभ्या असाव्यात. ‘शाळेला मदत करा’ असं मोघम लिहू नका. ‘शाळेचं वीजबिल ग्रामपंचायतीनं भरावं आणि बालसखीचं दहा महिन्यांचं मानधन द्यावं’ असं लिहा. वीजबिल तिकडे गेलं की ग्रँटमधले पाच हजार मोकळे होतात, हाही हिशेब सभेत सांगा.

देणगीदाराचं मन जरा सांभाळावं लागतं. कंपनीला आपलं नाव लिहिता येईल अशी वस्तू द्यायची असते: बाक, दप्तर, वॉटर फिल्टर. घ्या, पण सोबत शाळेच्या गरजांची यादी पुढे करा. ‘तुमच्या दप्तरांच्या निम्म्या पैशात एका ताईचं वर्षाचं मानधन निघतं आणि तिच्या वर्गातल्या मुलांची जुलैची आणि मार्चची वाचनपातळी आम्ही तुम्हाला देऊ,’ असं म्हटल्यावर तयार होणारी माणसं असतात. मुंबई-पुण्याला गेलेले गावचे लोक जास्त लवकर तयार होतात.

हिशेब

पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर येतात, खर्चाची मर्यादा दिसते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. कधी ती फेब्रुवारीतच येते. तेव्हा यादी करायला बसलात तर हाती जे लागेल ते घेतलं जातं. म्हणून प्राधान्यक्रम जुलैच्या बैठकीत ठरवून ठराव लिहून ठेवा, जानेवारीत कोटेशन ताजी करून घ्या, आणि रक्कम निम्मी आली तर कोणत्या ओळी कापायच्या तेही त्याच ठरावात लिहा. कापताना भिंत आधी कापा, वाचनकार्डं शेवटी. पीपीएवर, म्हणजे त्या प्रणालीतून छापून घेतलेल्या देयक-आदेशावर, सही करण्यापूर्वी अध्यक्षांनी बिल आणि वस्तू दोन्ही पाहाव्यात. साठा नोंदवहीत नोंद आणि रोकडवहीत प्रमाणक क्रमांक त्याच दिवशी. अध्यक्ष निरक्षर असतील तर दुसऱ्या पालकानं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये.

शाळेच्या फळ्यावर वर्षातून दोनदा एवढं लिहा: किती आले, कशावर गेले, शिल्लक किती. आणि खाली मुलांची नावं न घेता एक ओळ: जुलैत किती मुलं अक्षरांवर अडली होती, आता किती. इंग्लंडमधल्या शाळांना हे जाहीर करायला कायद्याचा धाक लागतो. इथं दोन रंगांच्या खडूंत ते होतं, आणि पुढच्या वर्गणीच्या वेळी कोणी ‘मागच्या पैशाचं काय केलं?’ विचारत नाही.

राहता राहिल्या बदल्या. मुख्याध्यापक बदलून जातात, समितीची मुदत संपते आणि नवी माणसं शून्यातून सुरुवात करतात. पदभार देताना डेडस्टॉक, चाव्या, पासबुक, रोकडवही यांची यादी होते. त्या यादीतच मुलांचं ते एक पानही क्रमांक घालून नोंदवा आणि नव्या मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्या. चौथीतून किंवा सातवीतून पुढच्या शाळेत जाणाऱ्या मुलांची त्यातली माहिती तिथल्या वर्गशिक्षकांना जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटून सांगा, टपालानं पाठवू नका.